अळूला पाणी, पाइनला आग

अळू आणि पाइन, या दोघांतलं आपलं कुठलं? असा प्रश्न कोणी विचारला तर तुम्ही काय सांगाल?

बहुतेक जण पटकन म्हणतील, ‘अळू आपलं, पाइन इथला.’ कारणही सोपं आहे. अळू म्हटलं की आजीच्या हातची अळूवडी आठवते, लग्नाच्या पंगतीत वाढलेलं अळूचं फदफदं आठवतं. पाइन म्हटलं की शाळेमागची उंच झाडं, कॅम्पिंग, आणि पायाखाली कुरकुरणाऱ्या वाळक्या सुया आठवतात. एक भारतातलं, एक अमेरिकेतलं. झालं उत्तर!

मला हे उत्तर घाईचं वाटतं. या लेखात मी तुम्हांला माझं मत सांगणार आहे. ते पटलं नाही तर वाद घाला. माझं मत असं आहे : कुठलीही वनस्पती दिसली की आपण आधी विचारतो, ‘हिचा उपयोग काय?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘हिला काय लागतं?’ जो हा दुसरा प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर लक्षात ठेवून वागतो, ती वनस्पती त्याची होते. मग ती कुठल्याही देशातून आलेली असो.

आता आपण दोन्ही प्रश्न अळूला आणि पाइनला विचारून बघू.

पहिला प्रश्न : उपयोग काय?

अळूचं जवळजवळ सगळंच खाता येतं. पानांना बेसन, चिंच, गूळ आणि मसाला लावायचा, पानांची गुंडाळी करायची, ती उकडायची आणि कापून तळायची. ही झाली अळूवडी. पानं आणि देठ चिरून, त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ घालून पातळ भाजी करायची. हे झालं फदफदं. शब्द ऐकून हसू येतं ना? भाजी शिजताना खरंच तसा आवाज येतो. देठ शिजवून दह्यात कालवले की होते देठी. जमिनीखाली जो कंद वाढतो, त्याला म्हणायचं अळकुडी. अमेरिकेतल्या भारतीय दुकानात ती ‘अरवी’ या नावाने मिळते.

पण सावध! कच्चं अळू खाल्लं तर तोंड आणि घसा खाजतो. अळूमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक, सुईसारखे स्फटिक असतात. ते टोचतात. म्हणून अळू नीट शिजवावं लागतं. आजी त्यात चिंच घालते ती नुसती चवीसाठी नाही. आंबटपणामुळे खाज कमी होते, हे मराठी स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता पाइन. पाइन आपण सहसा खात नाही, पण त्याच्याशिवाय आपला एक दिवसही जात नाही. तुमचं घर लाकडी सांगाड्याचं असेल, तर भिंतीच्या आत बहुधा पाइनसारख्याच एखाद्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड आहे. सूचिपर्णी म्हणजे ज्याची पानं सुईसारखी असतात ते. दाराशी येणारी पुठ्ठ्याची खोकी आणि किराण्याची कागदी पिशवी यांतही पाइनचा लगदा असतो. पाइनच्या चिकापासून टर्पेंटाइन आणि राळ मिळते. तुम्ही व्हायोलिन वाजवत असाल तर गजाला जी राळ घासता, ती मुळात पाइनचा चीक असते. नैर्ऋत्य अमेरिकेत पिन्यन नावाच्या पाइनच्या बिया मूळ अमेरिकन लोक हजारो वर्षं खात आले आहेत. आपल्याकडच्या सुक्या मेव्यातले चिलगोजे हेसुद्धा पाइनचेच बी.

म्हणजे अळू पोटाला आधार देतं आणि पाइन छपराला. कोण श्रेष्ठ? उपयोगाच्या यादीवरून हे ठरत नाही. भूक लागली असताना कोणी फळीचं कौतुक करत नाही, आणि पाऊस कोसळत असताना कोणी वडीचं करत नाही.

काळाचा हिशेबही वेगळा आहे. अळूचा कंद काही महिन्यांत, फार तर वर्षा-सव्वा वर्षात काढायला तयार होतो. इमारतीसाठी लावलेल्या लॉब्लॉली पाइनला पंचवीस-तीस वर्षं द्यावी लागतात. आणि कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ‘मथुसेला’ नावाचा एक ब्रिसलकोन पाइन आहे. त्याचं वय ४,८०० वर्षांहून जास्त आहे. आपल्या भाषेत क्षणात जाणाऱ्या गोष्टीला म्हणतात ‘अळवावरचं पाणी’. अळूच्या पानावर पाणी टिकत नाही. थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळून जातो. (इथे भाषेची एक गंमत बघा. अळू या शब्दाला ‘वर’ जोडलं की ‘अळवावर’ होतं.) मराठीने क्षणासाठी अळूचं पान निवडलं. मराठी मुलखात ब्रिसलकोन असता, तर फार काळ टिकणाऱ्या गोष्टीलाही एखादी म्हण मिळाली असती!

दुसरा प्रश्न : अळूला काय लागतं?

अळूला ऊब लागते, पाणी लागतं आणि बराच मोठा काळ थंडीपासून सुटका लागते. हिमकडा पडला की त्याची पानं काळी पडून झोपतात.

कोकणात किंवा देशावर जुन्या घराचा परस पाहिलात तर अळू कुठे दिसेल? न्हाणीघराच्या मागे. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जिथून वाहून जातं, तिथे. अळूसाठी कोणी वेगळी विहीर खणली नाही. पाणी तसंही वाहतच होतं. त्या वाटेवर अळू लावलं, आणि घराला भाजी मिळाली. ज्याने पहिल्यांदा ती जागा निवडली, त्याने अळूला विचारलं होतं, ‘तुला काय लागतं?’

हाच प्रश्न अमेरिकेच्या एका राज्यात फार पूर्वी विचारला गेला. ते राज्य म्हणजे हवाई. पॉलिनेशियन लोक होड्यांमधून या बेटांवर आले तेव्हा त्यांनी सोबत अळू आणलं. हवाईच्या भाषेत त्याचं नाव ‘कालो’. त्यांची जुनी कथा अशी आहे : वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. त्याला जमिनीत पुरलं, आणि तिथून अळू उगवलं. दुसरं मूल जगलं, आणि त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याने खायला द्यायचं, आणि धाकट्याने त्याची काळजी घ्यायची.

‘लिलो अँड स्टिच’ या सिनेमातला ‘ओहाना’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ओहाना म्हणजे कुटुंब. हा शब्द ‘ओहा’पासून आला असं मानतात. ओहा म्हणजे अळूच्या मुख्य कंदाला फुटणारे छोटे कोंब. आणि ‘लुआऊ’ हे मेजवानीचं नाव मुळात अळूच्या पानाचं नाव आहे. हवाईत अळूच्या पानात मांस किंवा मासे गुंडाळून वाफवतात. त्याला लाउलाउ म्हणतात. कंद उकडून, कुटून, पाणी घालून पोई करतात. अळूचं पान गुंडाळून वाफवणारे आपण एकटेच नाही, हे कळलं की मला तरी बरं वाटतं.

हवाईतलं बरंचसं अळू पाण्याने भरलेल्या वाफ्यांत वाढतं. या वाफ्याला ‘लोई’ म्हणतात. ओढ्याचं पाणी पाटाने लोईत येतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं आणि शेवटी पुन्हा ओढ्याला मिळतं. पाणी साचून चालत नाही. ते वाहतं आणि थंड असावं लागतं. लोईतलं पाणी साधारण २७ अंश सेल्सियसच्या वर गेलं की कंद कुजण्याचा धोका वाढतो. म्हणजे अळू नुसतं ‘पाणी’ मागत नाही. ते ‘वाहतं पाणी’ मागतं. या एका शब्दावरून पुढे मोठा तंटा झाला.

एकोणिसाव्या शतकात हवाईत उसाचे मोठे मळे झाले. उसाला पाणी हवं होतं. १८७०च्या दशकात माउई बेटावर डोंगरातले ओढे अडवून लांबलांब कालवे काढले. ओल्या बाजूचं पाणी कोरड्या बाजूच्या मळ्यांत गेलं. साखर झाली, नोकऱ्या झाल्या, जपान, फिलिपीन्स, पोर्तुगाल अशा ठिकाणांहून मजूर आले. पण कितीतरी ओढे खाली पोचेपर्यंत आटू लागले, आणि त्या ओढ्यांवर जगणाऱ्या लोई कोरड्या पडल्या. अळूवाल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, खटले लढवले. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ साली बंद झाला. २०१८ साली राज्याच्या पाणी आयोगाने पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा निर्णय दिला.

महाराष्ट्रातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. मराठवाड्यात टँकरने पिण्याचं पाणी आणावं लागतं, आणि त्याच भागात उसाचे फडही दिसतात. तिथेही हाच वाद आहे : पाणी कोणाचं, आणि कोणत्या पिकाला किती?

इथे कोणी म्हणेल, ‘साखरेचा उपयोग तर होताच ना?’ होता. हजारो घरांची चूल त्यावर पेटत होती, आणि हे विसरणं बरोबर नाही. पण ‘उपयोग काय?’ हा एकच प्रश्न विचारला की सगळ्यांत जास्त पैसे देणारं पीक दर वेळी जिंकतं. ‘कोणाला काय लागतं?’ हा प्रश्न सोबत विचारला असता, तर ओढा पूर्ण आटेपर्यंत थांबायची वेळ आली नसती.

पाइनला काय लागतं?

पाइनचं अळूच्या अगदी उलट. अनेक जातींच्या पाइनना हलकी, वाळूमिश्रित, थोडी आम्लधर्मी जमीन चालते. पाणी मुळाशी साचलेलं बहुतेकांना आवडत नाही. ऊन मात्र भरपूर हवं. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत पाइनची पोरं वाढत नाहीत.

आणि अनेक पाइनना अशी एक गोष्ट लागते, जी ऐकून आपण दचकतो : आग.

अमेरिकेच्या आग्नेय भागात लाँगलीफ पाइन नावाचं झाड आहे. एके काळी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत त्याची जंगलं सुमारे ९ कोटी एकरांवर पसरली होती. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं उंच वाढतच नाही. ते गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत बसून राहतं आणि खाली लांब मूळ सोडतं. जमिनीलगतची छोटी आग आली की आजूबाजूचं गवत आणि झुडपं जळतात. रोपाचा कोंब मात्र सुयांच्या झुबक्यात सुरक्षित राहतो. मग ऊन मिळतं, आणि रोप एकदम उंची घेतं. पश्चिमेकडच्या लॉजपोल पाइनचे बरेच कोन राळेने घट्ट चिकटलेले असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, कोन उघडतो आणि बिया बाहेर पडतात. १९८८ साली यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये प्रचंड वणवे लागले. लोकांना वाटलं, सगळं संपलं. पुढच्याच वर्षांत त्या राखेतून लॉजपोलची असंख्य रोपं वर आली.

विसाव्या शतकात अमेरिकेने मात्र ठरवलं, की जंगलातली आग म्हणजे शत्रू. १९३५ साली वनखात्याने नियम केला : आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची. १९४४ साली टोपी घातलेलं अस्वल, म्हणजे स्मोकी बेअर, पोस्टरवर आलं. हेतू चांगला होता. लोकांच्या घरांना आणि जिवांना धोका होता, लाकूड वाचवायचं होतं. पण छोट्या आगी बंद झाल्या, तेव्हा वाळकं गवत, फांद्या आणि झुडपं साठत गेली. मग कधी आग लागली, तर ती छोटी राहिना.

लाँगलीफचं काय झालं? लाकडासाठी आणि टर्पेंटाइनसाठी तोड झाली, जमीन शेतीखाली गेली, आणि आगही बंद झाली. १९९०च्या दशकापर्यंत त्या ९ कोटी एकरांपैकी फक्त सुमारे ३० लाख एकर उरले. सगळ्यांना त्याचा उपयोग ठाऊक होता. त्याला काय लागतं, हे फार थोड्यांनी विचारलं. आता तिथे जाणकार लोक योग्य हवा आणि योग्य वारा बघून मुद्दाम छोटी आग लावतात, आणि लाँगलीफ हळूहळू परत वाढतो आहे.

आपलं कोण, परकं कोण?

आता नकाशावर टेक्सासमधलं ऑस्टिन शहर शोधा. तिथे मराठी कुटुंबं बरीच आहेत. ऑस्टिनच्या पूर्वेला बॅस्ट्रॉप नावाचं गाव आहे. तिथे लॉब्लॉली पाइनचं एक जंगल आहे. टेक्सासमधलं पाइनचं मोठं रान इथून खूप दूर पूर्वेला आहे, म्हणून या जंगलाला ‘लॉस्ट पाइन्स’, म्हणजे हरवलेले पाइन, असं म्हणतात. सप्टेंबर २०११मध्ये, भयंकर दुष्काळ आणि जोरदार वारा असताना, तिथे वणवा पेटला. १,६००हून जास्त घरं जळाली, आणि जंगलाचा फार मोठा भाग गेला. इतकी मोठी आग पाइनलाही झेपली नाही. नंतर लोकांनी तिथे पाइनची रोपं हाताने लावली.

ऑस्टिनच्या नैर्ऋत्येला सॅन मार्कोस नावाची नदी आहे. ती झऱ्यांतून उगवते. तिचं पाणी वर्षभर साधारण २२ अंशांच्या आसपास असतं, स्वच्छ असतं आणि सतत वाहतं. हे वाचून काही आठवलं का? वाहतं, थंड पाणी. अळूला हवं असतं अगदी तेच! त्या नदीच्या काठी अळू माजलं आहे. दाट, उंच, हिरवंगार. पण त्याची पानं खुडायला तिथे कोणी आजी नाही. म्हणून ते पसरतच जातं आणि तिथल्या मूळ वनस्पतींची जागा घेतं. याच नदीत टेक्सास वाइल्ड राइस नावाचं गवत वाढतं. जगात ते फक्त याच नदीत आहे आणि ते संकटात आहे. म्हणून नदीकाठचं अळू उपटण्याची कामं तिथे झाली आहेत.

हे अळू अमेरिकेच्या दक्षिण भागात आलं तरी कसं? काही अळू गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेच्या वाटेने आलं. पुढे १९१०च्या सुमारास खुद्द अमेरिकेच्या शेतीखात्याने ते बटाट्याला पर्याय म्हणून लोकांना लावायला दिलं. ‘उपयोग काय?’ याचं उत्तर चोख होतं. ‘हे सुटलं तर कुठवर जाईल?’ हे मात्र कोणी फारसं विचारलं नाही.

आता परत हवाईला जाऊ. माउईवर हलेआकाला नावाचा मोठा ज्वालामुखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राल्फ हॉसमर या वन अधिकाऱ्याने तिथे बाहेरची बरीच झाडं लावून पाहिली. लाकडासाठी कुठली झाडं तिथे जगतील, हे त्याला बघायचं होतं. हवाईत मूळचा एकही पाइन नाही. बाहेरून आणलेल्या पाइनच्या बियांना पंख असतात. त्या वाऱ्याबरोबर डोंगरभर गेल्या. आज हलेआकाला नॅशनल पार्कमध्ये स्वयंसेवक डोंगर चढून पाइनची रोपं उपटतात.

बघा, कसं उलटं झालं! टेक्सासमध्ये पाइन घरचा आणि अळू घुसखोर. हवाईत अळू थोरला भाऊ आणि पाइन घुसखोर. दोन्ही राज्यं अमेरिकेतलीच. मग ‘अळू आपलं, पाइन त्यांचा’ या उत्तराला काय अर्थ उरला? वनस्पती त्या जागेवर काय करते आणि तिची काळजी घ्यायला कोण आहे, यावर सगळं ठरतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘परकं’, ‘बाहेरचं’, ‘घुसखोर’ हे शब्द वाचून तुमच्यापैकी कोणाला टोचलं असेल. शाळेत कोणीतरी कधीतरी विचारलं असेल, ‘तू खरा कुठला?’ माणसं झाडं नाहीत. झाडाला आपली गरज बोलून दाखवता येत नाही आणि शेजाऱ्याची गरज ऐकूही येत नाही. माणसाला दोन्ही येतं. म्हणून झाडांचे हे शब्द माणसांना लावू नका, आणि कोणी लावले तर ते मान्यही करू नका.

मग तुम्ही काय करायचं?

नुसतं मत मांडून मी थांबणार नाही. तीन सोप्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अळूची. घरी अळू लावायचं असेल तर जरूर लावा. आजी-आजोबा आले की त्यांना आनंद होईल, आणि गोठवलेल्या पानांपेक्षा ताज्या पानांची वडी कितीतरी छान लागते. पण ते मोठ्या बादलीत किंवा कुंडीत लावा. आधी तुमच्या राज्याचा नियम बघा. छपराचं किंवा एसीचं पाणी जिथे गळतं तिथल्या ओलाव्याजवळ कुंडी ठेवा, तोच आपल्या परसाचा धडा. थंडीच्या राज्यात राहत असाल तर हिमकडा पडायच्या आधी कंद काढून घरात कोरड्या जागी ठेवा. नको झालेले कंद ओढ्यात किंवा नदीकाठी कधीही टाकू नका. आणि नर्सरीत ‘एलिफंट इअर’ म्हणून जी शोभेची झाडं मिळतात, किंवा नदीकाठी जे अळू दिसतं, ते खाऊ नका. त्या नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकतात आणि सगळ्या खाण्याच्या नसतात.

दुसरी गोष्ट पाइनची. घराजवळचा एक पाइन निवडा आणि त्याच्या सुया मोजा. पाइनच्या सुया झुबक्याने येतात. ईस्टर्न व्हाइट पाइनच्या झुबक्यात पाच सुया असतात, लॉब्लॉलीच्या बहुधा तीन, रेड पाइनच्या दोन. एवढ्यावरून तुम्हांला तो थोडा ओळखता येईल. मग त्याला काय लागतं ते शोधा. आणि कधी बातमी आली की जवळच्या जंगलात मुद्दाम आग लावणार आहेत, थोडा धूर होईल, तर लगेच नाक मुरडू नका. ती कशासाठी, हे आधी वाचा. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या दिवशी घरात थांबावं, हे मात्र खरं.

तिसरी गोष्ट भाषेची. पाइनबद्दल मराठीत बोला. आपण मराठी फक्त वडी, पंगत आणि सणांसाठी राखून ठेवली, तर ती आठवणींची भाषा होईल. सूचिपर्णी, राळ, चीक, झुबका, वणवा हे शब्द मराठीत आहेतच. जुन्या मराठीत मऊ, फिक्या लाकडाच्या खोक्याला ‘देवदारी खोकं’ म्हणतात. भाषेलाही काहीतरी लागतं. तिला रोज बोलायला विषय लागतात, आणि तुमच्या खिडकीबाहेरचा पाइन हा चांगला विषय आहे.

आता पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर देतो. कोकणातल्या घरामागे अळू आपलं आहे, कारण आपण त्याला पाणी दिलं. टेक्सासच्या नदीत टाकून दिलेलं अळू आपलं नाही, ते मराठी स्वयंपाकात कितीही लाडकं असलं तरी. आणि तुमच्या गल्लीच्या टोकाचा पाइन? त्याला ऊन किती लागतं, पाणी किती लागतं, आगीशी त्याचं नातं काय, हे तुम्ही शोधून काढलंत, तर तो तुमचा. तुमच्याआधी त्या गल्लीत कोणी मराठी राहत नव्हतं, याने काही बिघडत नाही.

शब्दार्थ

पंगत – जेवायला ओळीने बसलेली माणसं
कंद – जमिनीखाली वाढणारा, खाण्याजोगा फुगीर भाग
परस – घरामागची मोकळी जागा
पाट – पाणी नेण्यासाठी काढलेली छोटी वाट
तंटा – भांडण, वाद
फड – उसाचं शेत
चीक – झाडातून येणारा चिकट रस
वणवा – जंगलात पसरणारी आग
माजणे – प्रमाणाबाहेर वाढणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे

विचार करा आणि लिहा

१. अळूला आणि पाइनला काय काय लागतं? दोन रकाने करून लिहा.
२. टेक्सास आणि हवाई इथे अळू आणि पाइन यांच्या जागा कशा उलट आहेत, ते चार वाक्यांत सांगा.
३. ‘ऊस लोकांना नोकऱ्या देत होता, म्हणून पाणी उसाला देणं बरोबर होतं.’ तुम्हांला हे पटतं का? तुमची कारणं लिहा.
४. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा : त्यांच्या लहानपणी घराजवळ कुठली वनस्पती होती आणि तिला पाणी कुठून मिळायचं? त्यांचं उत्तर मराठीत लिहून आणा.